पीएचपी, पायथन आणि घोडेगावची कांदापट्टी

सोनईत वेबसाइट करून मागायला येणारा माणूस ती कोणत्या प्रोग्रामिंग भाषेत करणार, हे कधीच विचारत नाही. वर्षाला किती पडतील, मराठी नीट दिसेल ना, आणि तुम्ही उद्या पुण्याला निघून गेलात तर आम्ही कोणाला धरायचं, एवढंच त्याला विचारायचं असतं. माझ्याकडे शिकायला येणारी कॉलेजची मुलं बरोबर उलट. त्यांचा पहिला प्रश्न भाषेचाच. "सर, पीएचपी आता जुनी झाली ना? पायथन करू की नोड?" दोघंही एकाच टेबलासमोर येऊन बसतात. इतकी वर्षं दोघांचं ऐकल्यावर माझं पक्कं मत झालंय की भाषा निवडायची ती गिऱ्हाइकाच्या प्रश्नांवरून. मुलांना हे पटायला वेळ लागतो. ज्या व्हिडिओंवरून ती शिकतात त्यांत पगार असतो, वेग असतो, मोठ्या कंपन्यांची नावं असतात, गिऱ्हाईक नसतं.

गावी परतण्याआधी मी हिंजवडीत एका बँकेच्या कामावर जावा लिहीत होतो. तिथे भाषा निवडायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. ती माझ्या आधीच ठरलेली होती आणि योग्यच ठरलेली होती. एकाच कोडवर शेकडो माणसं काम करतात, त्यातली निम्मी दोन-तीन वर्षांत कंपनी बदलतात, आणि कोड मात्र पंधरा-वीस वर्षं चालायचा असतो. अशा ठिकाणी कुठे आकडा येणार आणि कुठे नाव, हे आधीच सांगायला लावणारी, चुकलं तर प्रोग्रॅम चालायच्या आधीच अडवणारी भाषा लागते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली आणलेली जावा बँकांमध्ये अजून पाय रोवून आहे ती या शिस्तीमुळे. तिच्याबद्दल मला आजही आदर आहे.

परत आल्यावर समोर आली ती कृषी सेवा केंद्रं, मंगल कार्यालयं, शाळा, शिंगणापूरच्या वाटेवरचे लॉज आणि घोडेगावच्या आडती. सोनई हे मुळा सहकारी साखर कारखान्याचं गाव. उसाचं पेमेंट झालं की बाजारपेठ हलते, नाही झालं की सगळेच हात आखडता घेतात. वेबसाइटसाठी दरमहा ठरावीक रक्कम भरायची, ही रीतच इथल्या धंद्याला मानवत नाही. वर्षातून एकदा दोन-चार हजार द्यायला कोणी नाही म्हणत नाही. भाषेची निवड निम्मीअधिक इथेच होऊन जाते, कारण त्या पैशांत मिळतं ते शेअर्ड होस्टिंग. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट, खर्च सगळ्यांत वाटलेला. अशा होस्टिंगवर पीएचपी आयती बसवलेली असते. फाइल चढवली की पान सुरू. जावा, नोड किंवा पायथनमधला जँगो घ्यायचा तर बहुतेक वेळा स्वतःचा वेगळा सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो, त्यावर प्रोग्रॅम चोवीस तास जागा ठेवावा लागतो, तो पडला तर उठवणारी व्यवस्था करावी लागते आणि त्या यंत्राचे सुरक्षेचे अपडेटही आपणच करायचे. मंगल कार्यालयाच्या मालकाला हे सगळं कशासाठी?

पीएचपीचा स्वभावच या कामाला जुळणारा आहे. कोणी पान मागितलं की प्रोग्रॅम नव्याने सुरू होतो, पान बनवून देतो आणि संपतो. एखाद्या पानात चूक राहिली तर बहुतेक वेळा तेवढंच पान बिघडतं, बाकीची वेबसाइट चालू राहते. रासमस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःचा बायोडेटा इंटरनेटवर किती जण पाहतात हे मोजायला काही छोटी साधनं लिहिली आणि पुढच्या वर्षी ती सर्वांसाठी खुली केली. तिथून ही भाषा निघाली. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो ती पीएचपीत आहे. २००३ साली सुरू झालेलं वर्डप्रेसही पीएचपीत, आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट आज त्यावर उभ्या आहेत. शाळा, मंगल कार्यालय, दवाखाना यांची कामं मी वर्डप्रेसवरच करतो आणि त्यात कमीपणा मानत नाही. शाळेतल्या बाई स्वतः फोटो चढवतात, स्नेहसंमेलनाची बातमी स्वतः लिहितात. त्यांना माझी गरज लागत नाही, हेच त्या कामाचं यश.

खरी परीक्षा झाली ती घोडेगावच्या एका आडतीच्या कामात.

घोडेगाव इथून जवळ, संभाजीनगरच्या हायवेवर. कांद्याचा मोठा बाजार, जनावरांचाही बाजार. लिलावाच्या दिवशी पहाटेपासून गोण्यांच्या थप्प्या लागतात. एक नंबर, दोन नंबर, गोल्टी, जोड असा माल निवडलेला असतो, व्यापारी एकेका वक्कलवर बोली लावत पुढे सरकतात, आणि दुपारपर्यंत शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते. शेठचं म्हणणं साधं होतं. दिवसाचे भाव मोबाइलवर दिसावेत आणि शेतकऱ्याला आपली पट्टी घरबसल्या पाहता यावी. जुनी वेबसाइट होती, ती दुसऱ्या कोणी तरी करून दिलेली. दिवाणजींनी तीच माझ्यासमोर उघडली. "हे बघा सर, नाव तुटतंय." भावाच्या तक्त्यात 'बाळासाहेब' असं नाव यायला हवं होतं. तिथे 'बाळासा' एवढंच होतं आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह.

मराठी वेबसाइट करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रश्नचिन्ह एकदा तरी मुळापासून समजून घ्यायला हवं. संगणक अक्षर साठवतो ते बाइटच्या रूपात. इंग्रजी अक्षराला यूटीएफ-८ या पद्धतीत एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना हे वेगळं चिन्ह, मात्रा वेगळं, अनुस्वार वेगळं. त्या वेबसाइटमध्ये नाव वीस 'अक्षरांवर' कापण्याची सूचना होती आणि ती पीएचपीच्या साध्या फंक्शनने दिलेली होती. ते फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. विसात तीन-तीनचे सहा पूर्ण गट बसले: ब, काना, ळ, काना, स, काना. उरले दोन बाइट. 'ह'चे पहिले दोन घेतले, तिसरा बाहेर राहिला. अर्धवट 'ह' कोणत्याही फोनला वाचता येत नाही, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह.

मी मुलांना आमच्या गावाच्या नावावरच हे दाखवतो. 'सोनई'ची लांबी पीएचपीच्या साध्या फंक्शनला विचारली तर उत्तर येतं १२. पायथन ३ ला विचारली तर ४: स, ओकार, न, ई. जावास्क्रिप्टही ४ सांगते. आणि पहिलीतल्या मुलाला विचारलं तर तो बोटं मोडून सांगेल, ३. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, पण वाचणाऱ्याचं उत्तर तिसरंच आहे. पीएचपीत हे तीन मिळवता येतात. त्यासाठी वेगळं फंक्शन आहे आणि त्याचं एक्स्टेन्शन होस्टिंगवर चालू आहे का, हे आधी पाहावं लागतं. पायथनमध्येही आणखी एक लायब्ररी घ्यावी लागते. म्हणजे भाषा कोणतीही घ्या, मराठी अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे तुम्हाला स्वतःला ठाऊक असावंच लागतं.

माझ्या मनात तेव्हा पायथन भरली होती आणि त्याला कारण होतं. आडतीचा जुना हिशोब फॉक्सप्रोमध्ये होता आणि मराठी नावं जुन्या फॉन्टमध्ये. त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले, त्यामुळे तो फॉन्ट काढला की 'शिंदे'च्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसायची. शिवाय लिहिण्याचा क्रम डोळ्यांना दिसतो तसा. पहिली वेलांटी 'श'च्या आधी काढतात म्हणून ती फाइलमध्येही आधी; युनिकोडमध्ये 'श' आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचं त्याहून अवघड. 'गर्जे' या नावात रफार सगळ्यात शेवटी टंकलेला असतो आणि युनिकोडमध्ये तो उचलून 'ज'च्या आधी न्यावा लागतो. हजारो नावं अशी एकेक उलटसुलट करून सरळ करायची होती. हे काम मी पायथनमध्ये केलं आणि तिच्याइतकी सोयीची दुसरी भाषा मला तेव्हा दिसली नाही. फॉक्सप्रोची फाइल वाचायला तयार लायब्ररी, अक्षरांचे नियम लिहायला सुटसुटीत वाक्यरचना, आणि चुकलेलं नाव लगेच समोर. दिवाणजी शेजारी बसून बदललेल्या याद्या वाचत होते. "हा गर्जे नाही, गरजे. चांद्याचा आहे, मी ओळखतो." यंत्राला ते कधीच कळलं नसतं.

मग गावांच्या नावांशी गाठ पडली. कांगोणी, खरवंडी, पानेगाव, लोहगाव यांनी त्रास दिला नाही. बऱ्हाणपूरने दिला. शोधायच्या चौकटीत बऱ्हाणपूर लिहिलं की काही पट्ट्या सापडत, काही नाही, आणि दोन्हीकडचं नाव डोळ्यांना अगदी सारखं. या 'ऱ्ह'ला संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं. साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवायचं, ही एक तऱ्हा. 'ऱ' हे वेगळंच अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा, ही दुसरी. एका कीबोर्डवरून एक येते, दुसऱ्यावरून दुसरी. युनिकोडची सारखेपणा आणण्याची स्वतःची पद्धत आहे, पण तीही या दोन तऱ्हांना एक मानत नाही. कोणत्याही भाषेत हे आयतं मिळत नाही. ओळ आपणच लिहायची. शेतकरी आपल्या गावाचं नाव बरोबर लिहितो आणि यंत्र त्याला 'माहिती उपलब्ध नाही' म्हणतं, हे मला सहन होत नाही. ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली आणि आमचा तालुका नेवासाच. इथल्या स्क्रीनवर मराठी नाव मोडकं दिसू नये, एवढा तरी आग्रह धरायला हवा.

याद्यांचा क्रम लावतानाही तेच. संगणकाच्या कोष्टकात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसवलेला आहे, आपल्या मुळाक्षरांत तो 'ह'च्या पुढे येतो. म्हणून नुसती यादी लावली की 'काळे' हे 'कावरे'च्या वर जातात आणि मुळाक्षरांच्या क्रमाने शोधणाऱ्या दिवाणजींना सापडत नाहीत. इथे मात्र ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने चांगली साथ दिली. मराठीचा वर्णक्रम तिच्यात आधीच भरलेला आहे. फक्त मराठी हवी असं सांगावं लागतं. लाखाचे स्वल्पविरामही ती आपल्या पद्धतीने घालते.

एवढं सगळं पायथनच्या बाजूने असताना मी ती वेबसाइट पीएचपीतच केली. जँगोचा मोह मोठा होता. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्रात बातम्यांची घाई सांभाळता सांभाळता तो तयार झाला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. रोजची नोंद करायला त्यात तयार पडदा मिळतो आणि मराठी भाषांतरही आहे. दिवाणजींसाठी तो जणू बेतलेला. पण तेव्हा या परिसरात जँगो चालवणारा मी एकटा होतो. मी आजारी पडलो, परगावी गेलो, तर भाव कोण चढवणार? पीएचपी येणारी मुलं मात्र आजूबाजूच्या कॉलेजांत प्रत्येक वर्गात होती, कारण ती अभ्यासक्रमात होती. शेतकरी विहिरीवरची मोटार घेतो तेव्हा गावात वाइंडिंग करणारा कोणत्या कंपनीची उघडतो हे आधी पाहतो. भाषेचंही मला तसंच वाटतं. म्हणून नावं सरळ करायचं एकदाचं काम पायथनने केलं आणि रोज चालणारी वेबसाइट पीएचपीने.

'जुनी' हा शब्द मुलं ज्या सहजपणे वापरतात, त्याची मला काळजी वाटते. जुनं होणं आणि निराधार होणं यांत फरक आहे. फॉक्सप्रो निराधार झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी कारखान्यांचे, पतसंस्थांचे, आडतींचे हिशोब तिच्यावर होते. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सांगून टाकलं की यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही, आणि २०१५ मध्ये आधारही काढून घेतला. एका कंपनीच्या मालकीची भाषा होती, त्या कंपनीने हात काढला आणि प्रश्न संपला. पीएचपी आणि पायथन कोणा एका कंपनीच्या नाहीत. तरीही तिथे बदल होतात आणि ते कधी कधी दुखतात. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पीएचपी ७ आली तेव्हा डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शनं तिच्यातून काढून टाकलेली होती. होस्टिंगवाल्यांनी आपापल्या सवडीने नवी आवृत्ती लावली आणि ज्यांचं कोड जुनं होतं त्यांच्या वेबसाइट पांढऱ्या फटक झाल्या. पायथनने तर २००८ मध्ये तिसरी आवृत्ती काढली आणि दुसरीचा आधार १ जानेवारी २०२० ला थांबवला, मध्ये अकरा वर्षं लोक दोन पायथन सांभाळत बसले. पण त्या पांढऱ्या वेबसाइट दुरुस्त करायला माणसं मिळाली, आणि कशी करायची हे लिहिलेलंही मिळालं. फॉक्सप्रोवाल्यांना सगळं उचलून दुसरीकडे न्यावं लागलं. घोडेगावच्या आडतीला लागलं तसंच.

सहकारी कारखान्यांच्या भागात राहतो म्हणून वारणेचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९९८ मध्ये वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरातल्या सुमारे ७० गावांसाठी संगणक बसवले गेले. उसाची नोंद, तोडीची तारीख, वजन, बिल, सगळं गावातच कळावं, हा हेतू. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या संशोधकांनी पाहिलं तर गावकऱ्यांना लागणारी बहुतेक माहिती एका एसएमएसमध्ये मावण्याइतकी होती. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधे मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिले, आणि काम भागलं. भाषा-तंत्राच्या चर्चेत असताना मी स्वतःला विचारतो: शेतकऱ्याला शेवटी किती अक्षरं हवी आहेत? पट्टीचा एसएमएस मी याच विचाराने बेतला. मराठी एसएमएस एका वेळी ७० चिन्हांचाच असतो, इंग्रजी १६० चा. गोण्या, वजन, भाव, हाती आलेली रक्कम, एवढं सत्तरात बसवायला दिवाणजी आणि मी जितके बसलो तितके डेटाबेस रचायलाही बसलो नसू. 'आपली', 'सदर', 'करण्यात आली' हे शब्द गेले. गोण्या राहिल्या.

शिंगणापूरच्या रस्त्यावरच्या लॉजच्या कामात भाषा बदलण्याची मागणी गिऱ्हाइकाकडूनच आली होती, हा अपवाद. शिर्डीहून राहुरीमार्गे येणारे भाविक सोनईवरून शिंगणापूरला जातात, आणि शनी अमावस्येला गर्दी इतकी होते की आदल्या रात्रीपासून रस्ता भरलेला असतो. नेमकी तेव्हाच खोल्यांची वेबसाइट अडकायची. मालकाच्या भाच्याने सांगितलं होतं की पीएचपीला हा लोड झेपत नाही, नोड घ्या. मी नोंदी तपासल्या. कोणत्या तारखेला कोणती खोली रिकामी आहे हे शोधताना डेटाबेस दर वेळी आजवरच्या सगळ्या बुकिंगमधून चाळत जात होता, कारण तारखेच्या रकान्याला इंडेक्सच नव्हता. तो दिला. पुढच्या अमावस्येला तीच वेबसाइट, त्याच होस्टिंगवर, त्याच भाषेत चालली. अडचण दिसली की भाषेला दोष द्यायचा, ही सवय फार पसरली आहे, आणि तिच्यापायी चालत्या वेबसाइट पुन्हा पहिल्यापासून लिहिल्या जातात.

भाविकांच्या अभिप्रायांत मात्र एक वेगळीच गोष्ट सापडली. पुष्कळ जण 'जय शनिदेव' लिहून हात जोडलेलं चित्र टाकत आणि पुढे खोली कशी होती ते लिहीत. पण साठवलेलं पाहिलं तर चित्राच्या जागी मजकूर संपलेला. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' नावाने जी जुनी पद्धत आहे तीत एका चिन्हाला तीनच बाइटची जागा आहे. देवनागरी तिच्यात बसते, त्या चित्राला चार लागतात. जागा नाही म्हटल्यावर डेटाबेस तिथूनच पुढचं सगळं सोडून देत होता, कुठे तक्रारही न करता. चार बाइटची पद्धत लावल्यावर लोकांचं म्हणणं पूर्ण यायला लागलं. पाण्याची तक्रार होती बऱ्याच जणांची. मालकाने टाकी वाढवली.

त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका लॉजची वेबसाइट जावास्क्रिप्टच्या रिॲक्टमध्ये केलेली होती. दिसायला देखणी. पण ती सगळी फोनमध्ये जाऊन बनायची. आधी भलीमोठी स्क्रिप्ट उतरवायची, मग पहिलं अक्षर दिसायचं. यात्रेच्या गर्दीत टॉवरवर ताण, फोन साधा, मांडीवर पोर झोपलेलं, आणि पडद्यावर गोल फिरणारी चकती. सर्व्हरवरच तयार झालेलं साधं पान त्याच जागी चटकन उघडतं. जावास्क्रिप्टवाचून कोणाचीच सुटका नाही. ब्रेंडन आयक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत तिचा पहिला आराखडा उभा केला आणि ब्राउझरमध्ये आजही मुख्यतः तीच चालते. म्हणून मुलांना मी ती शिकायला लावतोच. पण गरजेपुरती, पान उघडल्यानंतरच्या कामासाठी.

सगळ्यात जड गेलं ते एका संस्थेचं काम. नोड आणि मोंगोडीबीमध्ये ते कोणी तरी हौसेने केलं होतं. करणारा हुशार होता, कामावरून ते कळत होतं. तो बंगळूरला गेला, फोन नंबर बदलला, सर्व्हरचा पासवर्ड त्याच्याच ईमेलवर. संस्थेकडे ना कोड होतं, ना डोमेनची मालकी. दोन वर्षांच्या नोंदी त्या सर्व्हरवर अडकल्या. यात नोडचा काही दोष नव्हता. पण गावात तिसरं माणूस ते उघडू शकलं असतं तर नोंदी वाचल्या असत्या. तेव्हापासून मी काम कोणत्याही भाषेत केलं तरी डोमेन गिऱ्हाइकाच्या नावावर घेतो, कोडची प्रत पेनड्राइव्हवर त्यांच्या कपाटात ठेवतो, आणि एका पानावर मराठीत लिहून देतो की काय कुठे आहे आणि बंद पडलं तर पहिल्यांदा काय पाहायचं.

आता मुलं एआयकडून कोड लिहून घेतात. कोणत्याही भाषेत मागा, मिळतं. त्यामुळे भाषेचा प्रश्न संपला असं त्यांना वाटतं. मी त्यांना बऱ्हाणपूर शोधायला देतो. एआयने लिहिलेला शोध बहुतेक वेळा दोन 'ऱ्ह' सांगितल्याशिवाय ओळखत नाही, आणि सांगायचं तर ते आधी आपल्याला माहीत हवं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने मात्र मला न विचारता आडतीच्या शोधाची चौकट पायथनमध्ये नव्याने लिहून आणली. लोहगावची आहे, वडिलांचा कांदा घोडेगावलाच जातो. तिने दोन्ही 'ऱ्ह' एक केले होतेच, शिवाय 'ॲ' लिहिण्याच्या तिन्ही तऱ्हाही, आणि 'गर्जे' शोधलं की खाली 'गरजे'ही सुचवत होती. ते दिवाणजींनी तिला सांगितलेलं. मी कोड वाचलं, ते माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. तिच्या वर्गातल्या आणखी दोघींना पायथन चांगली येते, कारण आता अभ्यासक्रमात तीही आहे. मग मी शेठकडे गेलो आणि वेगळ्या सर्व्हरचा दरमहाचा खर्च सांगितला. शेठने विचारलं, "सांभाळणार कोण?" मी तिचं नाव सांगितलं. दसऱ्यानंतर लाल कांद्याची आवक वाढायच्या आत पट्ट्यांचा भाग जँगोवर न्यायचा ठरलंय. भावांचं पान तूर्त पीएचपीतच राहील, दिवाणजींना त्याची सवय झाली आहे.